आईला लस दिली होती, तरी फ्लू झालाच. यंदा पुन्हा द्यायची का?

सांजवात

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असते. आज धागा काढतेय, कारण घरात दोन दिवस याच विषयावर वाद चाललाय आणि मला धड उत्तर देता येत नाही.

माझी आई ८१ वर्षांची. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. मी मडगावला नोकरीला, भाऊ मस्कतला. दोन वर्षं घरी केलं, मग जमेना. आता ती फोंडा तालुक्यातल्या एका खाजगी वृद्धाश्रमात आहे. नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत. २२ म्हातारी माणसं, दिवसा चार मावश्या, रात्री दोन.

गेल्या वर्षी मे महिन्यात आश्रमाने घरोघरी निरोप धाडला की फ्लूची लस द्यायची आहे, पैसे भरा. मी भरले. २२ पैकी १३ जणांना लस मिळाली. बाकीच्यांच्या घरून पैसेच आले नाहीत. मग चतुर्थी आली, नातेवाईक भेटून गेले, करंज्या-नेवऱ्यांचे डबे आले, आणि आठवड्याभरात खोकला सुरू झाला. आधी टीव्हीसमोरच्या बाकावर बसणारे आजोबा, मग त्यांच्या शेजारचे, मग बायकांची खोली.

आईला ताप म्हणाल तर ९९. त्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही. पण पेजेचा घास तोंडातून परत यायला लागला, आणि तिसऱ्या दिवशी मी गेले तर माझ्याकडे बघून म्हणाली, "तूं कोण गो?" तिथून सरळ इस्पितळ. तपासणीत इन्फ्लुएंझा ए निघाला. पाच दिवस ऑक्सिजनवर होती, वाचली. त्या महिन्यात आश्रमातली तीन माणसं गेली. दोघांनी लस घेतली नव्हती, एकाने घेतली होती.

यंदा पुन्हा निरोप आलाय. भाऊ म्हणतो, "लस घेऊनही इस्पितळात गेलीच ना? मग कशाला पैसे घालतेस?" मला वाटतं द्यावी. पण का वाटतं ते सांगता येत नाही. आश्रमातल्या इतक्या म्हाताऱ्या माणसांवर ही लस खरोखर किती चालते, कोणी नीट सांगेल का?

झुळूक

ताई, आमच्या घरी आजोबा ९३ वर्षांचे, एक सुई टोचली नाही. तुळस, मिरी, आलं, गवती चहा. रोज सकाळी काढा. बाकी तुमची मर्जी.

आकडेमोड

सांजवात, तुमच्या भावाचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, "फ्लू झाला का" आणि "फ्लूने काय केलं" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आश्रमवासीयांत पहिल्याचं उत्तर निराशाजनक आहे आणि दुसऱ्याचं बरंच बरं.

२००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा छापून आला होता. वृद्धांवरच्या फ्लू लसीचे तोवरचे अभ्यास एकत्र करून त्यांनी आश्रमात राहणाऱ्यांचा हिशेब वेगळा काढला. लस त्या वर्षीच्या विषाणूशी जुळलेली आणि साथ जोरात असताना, फ्लूसारखा ताप-खोकला कमी होण्याचं प्रमाण होतं फक्त २३ टक्के. प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फ्लूवर तर फरक दाखवताच आला नाही. तुमचा भाऊ इथे थांबला. पण त्याच आढाव्यात पुढे आहे, न्यूमोनिया ४६ टक्क्यांनी कमी, इस्पितळात जाणं ४५ टक्क्यांनी कमी, फ्लू किंवा न्यूमोनियाने मरणं ४२ टक्क्यांनी कमी.

म्हणजे साध्या भाषेत, लस नसती तर जिथे पाच माणसं गेली असती तिथे तीन गेली. दोन उरली. ती दोन कोण हे कुणालाच कळत नाही, म्हणून लसीचे आभार कोणी मानत नाही. आणि ती जी तीन गेली, त्यांतल्या एखाद्याने लस घेतलेली असते, ते मात्र सगळ्यांच्या लक्षात राहतं.

आता दुसरी बाजू. हे आकडे बहुतेक निरीक्षणांतून आलेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेल्या प्रयोगांतून नाहीत. त्यात एक मोठी मेख आहे. ती पुढच्या प्रतिसादात लिहितो, हापिसात बोलावणं आलंय.

रेलगाडी

वाखूसा (वाचनखूण साठवली). आकडेमोड, मेख सांगितल्याशिवाय पळू नका.

पेडणेकरीण

सांजवात, तुझ्या आईचं वाचून पोटात कालवलं. मी इंग्लंडात केअर होममध्ये सात वर्षं काम केलं, आता परत पेडण्याला आले. "ताप नाही म्हणून फ्लू नाही" ही चूक तिथेही नवी माणसं करायची. म्हाताऱ्या माणसाला ताप चढायला अंगात ताकद लागते. आम्हांला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं की रोज जेवणारी बाई जेवेनाशी झाली, न पडणारा माणूस पडला, किंवा अचानक बरळायला लागला, की आधी खोकला शोधा, नाक बघा, आणि डॉक्टरला फोन करा. "तूं कोण गो?" हेच लक्षण होतं.

तिकडे लस होमातल्या सगळ्यांना फुकट. आम्हां कामगारांनाही. ६५ च्या वरच्यांना वेगळी लस, तिच्यात शरीराला जास्त जागं करणारा एक पदार्थ मिसळलेला असतो. आणि तरीही फ्लू यायचा, हां. दर हिवाळ्यात. पण ज्या वर्षी सगळ्यांनी घेतलेली असायची त्या वर्षी रुग्णवाहिका कमी यायची. हा माझा डोळ्यांचा हिशेब, आकडेमोड यांच्यासारखा पक्का नव्हे.

आकडेमोड

आलो. मेख अशी.

सांजवात, तुमच्याच आश्रमात बघा. लस कुणाला मिळाली? ज्यांच्या घरून पैसे आले त्यांना. पैसे कुणाच्या घरून आले? ज्यांच्याकडे लक्ष देणारं कोणी आहे त्यांच्या. ज्या आजींना तीन वर्षांत कोणी भेटायला आलं नाही, ज्यांची औषधं संपली तरी कुणाला पत्ता नाही, त्या लसीविना राहिल्या. आता त्या गेल्या तर आपण म्हणणार, "लस नव्हती म्हणून गेल्या." कदाचित. पण कदाचित त्या लस असूनही गेल्या असत्या, कारण मुळात त्या जास्त खंगलेल्या होत्या.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी २००६ मध्ये हे फार छान पकडलं. ६५ वर्षांवरच्या ७० हजारांहून अधिक लोकांच्या नोंदी घेतल्या आणि पाहिलं, फ्लूचा मोसम सुरू होण्याच्या *आधी* मृत्यूंत फरक आहे का? होता! फ्लू गावात नाही, तरी लस घेतलेले कमी मरत होते. फ्लूच नसताना फ्लूची लस कशी वाचवेल? तो फरक लसीचा नव्हता, माणसांचा होता. धडधाकट माणूस लस घ्यायला दवाखान्यात चालत जातो, अंथरुणाला खिळलेला जात नाही.

दुसरं, अमेरिकेत ६५ च्या वरच्यांचं लसीकरण १९८० च्या आधी साधारण १५ टक्के होतं, ते २००१ पर्यंत ६५ टक्क्यांवर गेलं. लस जर म्हाताऱ्यांचे निम्मे मृत्यू टाळत असेल तर मृत्यूंचा आलेख धाडकन खाली यायला हवा होता. तसा तो आला नाही.

म्हणून वरचे ४२-४५ टक्के मी कमाल मर्यादा म्हणून वाचतो. खरा आकडा त्याच्या खाली, पण शून्याच्या बराच वर. शून्य नाही हे कशावरून म्हणतो? चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगांचा २०१८ चा कॉक्रेन आढावा आहे (कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था). वृद्धांत एका मोसमात फ्लू होण्याचं प्रमाण लसीशिवाय ६ टक्के, लसीने २.४ टक्के. म्हणजे ३० जणांना टोचलं की एकाचा फ्लू टळतो. मात्र त्यातली माणसं बहुतेक आपल्या घरी राहणारी होती. तुमच्या आईसारखी, एक बाजू गेलेली, आश्रमातली, अशी फार थोडी.

झुळूक

म्हणजे २९ जणांचे पैसे पाण्यात. हेच तर म्हणत होतो.

आकडेमोड

झुळूक, हेल्मेटचे पैसेही असेच पाण्यात जातात. हलके घ्या. पण गंमत बाजूला. ३० हा आकडा साधारण समाजातला, जिथे शंभरात सहांनाच फ्लू होतो. २२ माणसं एका छपराखाली, एक पंगत, चार मावश्या. तिथे साथ शिरली तर शंभरात सहा नाही, कितीतरी जास्त होतात. जितका धोका जास्त तितक्या कमी सुया लागतात.

कुळागर

मी फोंड्यात ३८ वर्षं प्रॅक्टिस केली, आता बागेत असतो. आकडेमोड यांनी लिहिलं ते बरोबर आहे. मला त्यात थोडी माती-पाणी घालायची आहे.

म्हाताऱ्या शरीरात लस कमी का चालते? लस ही सूचना आहे, काम शरीराने करायचं असतं. वय वाढतं तशी नव्या शत्रूला ओळखणाऱ्या पेशींची फौज आटते. तरुणाला दिलेल्या त्याच १५ मायक्रोग्रॅमवर ऐंशीच्या माणसात निम्म्या तोडीचा प्रतिसादही मिळेल याची खात्री नसते. त्यात मधुमेह, मूत्रपिंड, कुपोषण. आश्रमातल्या कितीतरी माणसांचं वजन बघा, हाडांवर कातडं.

शिवाय विषाणूचे प्रकार. ए मध्ये एच१एन१ आणि एच३एन२, आणि एक बी. म्हाताऱ्यांना एच३एन२ जास्त छळतो आणि लसही नेमकी त्याच्यावरच सर्वांत कमी चालते. याला एक मजेशीर कारण सांगतात. लहानपणी जो फ्लू पहिल्यांदा होतो त्याची आठवण शरीर जन्मभर ठेवतं. १९५७ च्या आधी जन्मलेल्यांचा पहिला फ्लू एच१एन१ घराण्यातला. एच३एन२ आला १९६८ मध्ये. म्हणून २००९ च्या स्वाइन फ्लूत, जो एच१एन१ च होता, तरुण माणसं जास्त दगावली, आणि म्हातारी माणसं त्या मानाने तगली. सांजवात, तुमच्या आईची पिढी ही.

आता सर्वांत महत्त्वाचं, आणि इथे आमची डॉक्टर मंडळीही चुकतात: कधी द्यायची. युरोप-अमेरिकेत ऑक्टोबरात देतात, कारण त्यांचा फ्लू थंडीत. आपल्याकडे फ्लू पावसाबरोबर येतो. जुलै ते सप्टेंबर जोरात, पुन्हा जानेवारी ते मार्च थोडा. श्रीनगरसारखी ठिकाणं सोडली तर आपल्याकडे लस पावसाआधी, एप्रिल-मेमध्ये द्यावी. अंगात प्रतिकार तयार व्हायला दोन आठवडे लागतात, आणि मग तो महिन्यागणिक ओसरतो. डिसेंबरात टोचलेली लस चतुर्थीपर्यंत बरीचशी संपलेली असते.

जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीचा मसाला ठरवते, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. मेमध्ये टोचणार तर डब्यावर दक्षिण गोलार्ध आणि चालू वर्ष लिहिलेलं आहे का ते बघा. गेल्या वर्षीचा उरलेला माल कोणी आश्रमात स्वस्तात देत असेल तर नम्रपणे परत पाठवा. गेल्या वर्षी तुमच्याकडे कोणती दिली होती, माहीत आहे?

सांजवात

डॉक्टर, नाही माहीत. पावतीवर नुसतं "फ्लू लस" लिहिलंय. आज फोन करून विचारलं तर म्हणाले, डबे टाकून दिले.

रेलगाडी

तीन घटकांची घ्यावी की चार? मेडिकलवाला म्हणतो चारची जास्त चांगली.

कुळागर

चौथा घटक म्हणजे बी विषाणूचं यामागाता घराणं. ते मार्च २०२० नंतर जगात कुठेच सापडलेलं नाही. कोविडच्या टाळेबंदीत संपलं असावं. म्हणून २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटना तीनचीच शिफारस करते. चारची मिळाली तर नुकसान नाही, पण त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही.

सत्तरीकर

आमच्या वाळपईच्या बाजूला लोक म्हणतात लस घेतली की फ्लू होतो. माझ्या काकांना लस दिल्यावर दुसऱ्याच दिवशी सर्दी झाली. आता काय बोलणार त्यांच्यासमोर.

कुळागर

दंडात टोचतात त्या लसीत विषाणू मारलेला असतो, त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, एखाद-दोन दिवस अंग कसकसतं. काकांची सर्दी आधीच अंगात शिरलेली असणार. दवाखान्याच्या बाकावर शेजारी कोण शिंकत होतं ते विचारा.

रेलगाडी

मग म्हाताऱ्यांसाठी जास्त जोरदार लस का काढत नाहीत?

आकडेमोड

काढली आहे. चौपट मात्रेची, १५ च्या जागी ६० मायक्रोग्रॅम. २०१४ मध्ये जवळपास ३२ हजार लोकांवर प्रयोग झाला, साध्या लसीपेक्षा २४ टक्के जास्त फ्लू टाळला. मग अमेरिकेतल्या ८२३ नर्सिंग होमवर, अगदी आपल्या विषयावर. निम्म्या होमना साधी, निम्म्यांना चौपट. २०१७ मध्ये छापलं. श्वसनाच्या आजाराने इस्पितळात जाणारे ३.९ टक्क्यांवरून ३.४ वर आले. फरक छोटा दिसतो, पण आश्रमातल्या लोकांवर चिठ्ठ्या टाकून केलेला एवढा मोठा प्रयोग दुर्मीळ, म्हणून मी त्याला वजन देतो. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, डेन्मार्कमध्ये तीन लाखांहून अधिक लोकांवर तेच करून पाहिलं, तिथे इस्पितळात जाण्यात ठाम फरक दाखवता आला नाही. म्हणजे जोर वाढवून थोडं हाती लागतं, जादू होत नाही.

पेडणेकरीण

एक विचारू? सगळे लसीबद्दल बोलताय, मावश्यांबद्दल कोणी बोलत नाही. सांजवात, तुझ्या आश्रमात फ्लू आणला कोणी? २२ म्हातारी माणसं तर गेटाबाहेर पाऊल टाकत नाहीत.

सांजवात

चतुर्थीला आलेले नातेवाईक, असं आम्ही धरून चाललो होतो. पण तू विचारलंस म्हणून आठवलं. दिवसपाळीची एक मावशी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसापासून खोकत होती. आईला तीच भरवते. आई डाव्या हाताने चमचा धरते पण अर्धी पेज सांडते, म्हणून शेवटचे घास मावशी भरवते. मी त्या दिवशी तिला म्हटलंही, "मावशी, घरी राहा ना दोन दिवस." ती पदर तोंडावर धरून म्हणाली, "बाय, राहिले तर दोन दिवसांचा पगार कापतात."

पेडणेकरीण

झालं. मिळालं उत्तर.

माझ्या पहिल्या होमात तीच गत होती. आजारी पडलात तर पगार नाही. आम्ही सगळ्याजणी पॅरासिटामॉल खाऊन मास्कखाली खोकत आजोबांच्या गालावर साबण लावायचो. नंतर एका मॅनेजरने आजारपणाची रजा भरपगारी केली, बाकी काही बदललं नाही, आणि तरी पुढचा हिवाळा वेगळा गेला.

आकडेमोड

कर्मचाऱ्यांना लस देऊन म्हाताऱ्यांना वाचवता येतं का, यावरही प्रयोग आहेत. २००० सालचा स्कॉटलंडचा, वृद्धांच्या २० इस्पितळांत. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना लस देऊ केली, साधारण अर्ध्यांनी घेतली. त्या ठिकाणी रुग्णांचे मृत्यू १३.६ टक्के, बाकीच्या ठिकाणी २२.४ टक्के.

वाचून टाळ्या वाजवाव्यात असं वाटतं. पण त्याच प्रयोगात नमुने तपासून फ्लूचं प्रमाण पाहिलं तर दोन्हीकडे जवळपास सारखं. मग मृत्यू नेमके कशाने कमी झाले? २०१७ मध्ये काही संशोधकांनी हिशेब मांडून दाखवलं की अशा प्रयोगांत टळलेले मृत्यू फ्लूने होऊ शकणाऱ्या मृत्यूंपेक्षाही जास्त निघतात. गणित बसत नाही. कॉक्रेननेही ठोस पुरावा नाही असंच म्हटलंय. तेव्हा "मावश्यांना टोचा, आश्रम वाचला" असं मी म्हणणार नाही.

कुळागर

आकडेमोड, आकड्यांपुरतं मान्य. पण निर्णय घेताना मी उलटा विचार करतो. आईच्या शरीरात लस अर्धीमुर्धी चालते. ४०-४५ वर्षांच्या मावशीच्या शरीरात, लस जुळली असेल तर, फ्लूसाठी दवाखाना गाठण्याची वेळ ४० ते ६० टक्क्यांनी टळते. विषाणूला आईपर्यंत पोचायला मावशीतून जावं लागतं. मग कुंपण कुठे घालाल? जपानने १९६२ ते १९८७ बहुतेक शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली, त्यातली दहाहून अधिक वर्षं सक्तीने. नंतर मागे पाहिल्यावर लक्षात आलं की त्या काळात मरणारे *म्हातारे* कमी झाले होते. २००१ मधल्या एका शोधनिबंधाने वर्षाला ३७ हजार ते ४९ हजार मृत्यू टळले असा अंदाज काढला.

आकडेमोड

तोही निरीक्षणातून काढलेला अंदाज, डॉक्टर. त्याच काळात जपानात राहणीमान किती बदललं ते धरायला हवं.

कुळागर

धरा. पण सहा मावश्यांच्या सहा लसी, तुम्ही आश्रमाचे मालक असता तर दिल्या असत्या की नाही?

आकडेमोड

दिल्या असत्या. पक्का पुरावा नसतानाही, स्वस्त म्हणून. आणि पगारी रजा त्याच्याही आधी दिली असती.

झुळूक

या धाग्यावर पहिल्यांदा पटलं काहीतरी. 😀

सांजवात

खूप आभार सगळ्यांचे. भावाला धागा पाठवला. तो म्हणाला, "४२ टक्के कमाल असेल तर नक्की किती ते सांगा." मी म्हटलं, तुझ्या गाडीच्या विम्यावर विचारतोस का असं? चिडला.

आणखी एक प्रश्न. समजा सगळं करूनही आश्रमात खोकला शिरला, तर पहिल्या दिवशी काय करायचं? गेल्या वर्षी आम्ही सात दिवस नुसते बघत होतो.

पेडणेकरीण

आमचा नियम होता, ४८ तासांत दोन माणसं आजारी दिसली की साथ धरायची. तिसऱ्याची वाट बघायची नाही. नाकातले नमुने लगेच. आजारी माणसांचं जेवण खोलीतच, आणि त्यांना सांभाळणारी बाई वेगळी, ती दुसऱ्यांना भरवायला जायची नाही. टीव्हीची खोली बंद. खिडक्या उघड्या. इथे पावसात खिडक्या बंद करून आत कपडे वाळत घालतात, पंखा लावून, ते मी फोंड्याच्या एका ठिकाणी बघितलंय. सगळ्यांचा श्वास एकमेकांत.

आणि डॉक्टर यायचे ते ओसेल्टामिविर, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरचं औषध, घेऊन. आजारी माणसाला उपचार म्हणून, आणि बाकीच्यांना, *लस घेतलेली असली तरी*, आजार होऊ नये म्हणून दहा दिवस रोज एक.

कुळागर

हे पक्कं लिहून ठेवा. ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोग. रोजची मात्रा मूत्रपिंड बघून ठरवावी लागते, म्हणून आताच, मे महिन्यात, आईचा क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) काढून आश्रमाच्या फायलीला लावा. साथ आल्यावर रक्त तपासायला धावू नका. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, तेव्हा तिथे येणाऱ्या डॉक्टरशी आधीच बोलून ठेवा.

आणि फ्लू नुसता छातीचा आजार नव्हे. कॅनडात ऑंटारियोमध्ये २०१८ साली दिसलं की फ्लू सिद्ध झाल्यावर पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सहापट होते. आश्रमात "खोकला होता, पण गेले हार्टने" असं म्हणतात, त्यातले काही फ्लूनेच गेलेले असतात. तुमच्या आईला आधीच अर्धांगवायूचा एक झटका आलेला आहे, तेव्हा ही लस मी नुसती तापासाठी देत नाही.

न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूवरची) लस झाली आहे का, तेही विचारा. ती दरवर्षी लागत नाही.

सत्तरीकर

सरकार का देत नाही ही लस फुकट? आपल्याकडे तर म्हातारे देशापेक्षा जास्त.

आकडेमोड

२०११ च्या जनगणनेत गोव्यात साठीच्या वरचे ११.२ टक्के, देशात ८.६. मुलं परदेशी, घरं मोठी, आईवडील एकटे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात वृद्धांसाठी फ्लूची लस नाही, ज्याने त्याने खिशातून घ्यायची. म्हणून ज्यांचं कोणी नाही ते उरतात. वर म्हटलेली मेख इथेच येऊन बसते.

सांजवात

तीन आठवड्यांनी लिहितेय. काय झालं ते सांगते.

आश्रमाच्या मालकांना भेटले. लसीचं ऐकून घेतलं, पगारी रजेचं म्हटल्यावर चेहरा बदलला. म्हणाले, "सगळ्याच मावश्या खोकायला लागतील." शेवटी जुलै ते ऑक्टोबर, आजारपणाचे दोन दिवस पगार कापणार नाही, एवढं कबूल केलं. लिहून द्यायला तयार नाहीत. मी मावश्यांना मालकांच्या समोरच सांगितलं, म्हणजे साक्षीदार झाले.

ज्यांच्या घरून पैसे येत नव्हते अशा आठजणांसाठी आम्ही चार घरांनी वर्गणी काढली. दोन आजोबांच्या मुलांनी फोनवर नाही म्हटलं, त्यांना काही करता आलं नाही. सहा मावश्यांपैकी पाचजणींनी घेतली. सहावी सुईला घाबरते, रडायलाच लागली, राहिलं. भावाने आईचे पैसे पाठवले, "तुझ्या समाधानासाठी" असं लिहून.

लस आली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. थर्मोकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या. डबा हातात घेऊन बघितलं, दक्षिण गोलार्ध, चालू वर्ष. नर्सने विचारलं, "तुम्ही मेडिकल लायनीत का?"

एक चूक झाली मात्र. तिने आईच्या डाव्या दंडात टोचलं, आणि आईचा चालणारा हात तेवढाच. दोन दिवस दंड दुखत होता, चमचा उचलेना, रागावून पेजेची वाटी ढकलून दिली. कुळागर, पुढच्या वर्षी अर्धांगवायूच्या हातात दिली तर चालते का?

कुळागर

चालते. त्या दंडाचा स्नायू अगदीच सुकलेला असेल तर मांडीत, बाहेरच्या बाजूला द्यायला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टोचल्यावर दोन मिनिटं कापसाने दाबून धरायचं, चोळायचं नाही. फायलीवर लाल पेनने लिहून ठेवा, नर्स दरवर्षी बदलते.

सांजवात

लिहिलं. क्रिएटिनिनच्या कागदाच्या वरच.